रीफ टँकचं मीठ बदलायचं असेल तर आधी काय काय जमवून ठेवावं

रीफ टँक म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायचा खाऱ्या पाण्याचा टँक. त्यात मिठाचा ब्रँड बदलला आणि पंधरा दिवसांत कोरल मिटून बसायला लागले, ही तक्रार नेहमीची आहे. मीठच खराब निघालं असं फार कमी वेळा होतं. जुन्या आणि नव्या मिठाच्या पाण्याचे आकडे वेगळे असतात, ते कुणी मोजलेले नसतात, आणि सवयीप्रमाणे तीस टक्के पाणी एकदम बदललं जातं. म्हणून यादीत सगळ्यात वर जुनं मीठ लिहा. जुनी बादली संपल्यावर नवी मागवायची, हे पुण्या-मुंबईत चालून जातं. दारव्हा, आर्वी, मूर्तिजापूरकडे ट्रॅव्हल्सनं येणारं पार्सल कधी कुठं अडकेल याचा नेम नाही. दीडशे लिटरच्या टँकसाठी साडेतीन-चार किलो जुनं मीठ हवाबंद डब्यात बाजूला काढा. तेवढ्यात एकूण नव्वद लिटर खारं पाणी होतं, आणि काही बिघडलंच तर परत फिरायला वाट राहते.

इथं गृहीत धरलंय की टँकमध्ये लेदर, मशरूम, झोआ असे मऊ कोरल आहेत. टणक सांगाड्याचे प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतात. ते घरी आणण्याच्या भानगडीत पडू नये.

मग हंगाम. मीठ बदलायला दिवाळी ते होळी हा काळ बरा. मे महिन्यात टँक मुळातच तापलेला असतो आणि पाणी भराभर उडतं. पावसाळ्यात उघडलेली बादली ओल ओढते, मिठाचे खडे होतात आणि तेवढ्याच वजनात मीठ कमी व पाणी जास्त भरतं. शिवाय जुलै ते ऑक्टोबर कपाशीवर फवारणी चालू असते, त्याबद्दल पुढे. थंडीत एवढंच सांभाळायचं की रात्री मीठ कालवायच्या ड्रममधलं पाणी सतरा-अठरा अंशांवर येतं आणि टँक असतो पंचवीस-सव्वीसवर. त्यामुळे ड्रमसाठी १०० वॅटचा वेगळा हीटर लागतो.

पाण्याची तयारी बोअरपासून होते. बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) हजारावर असणं आपल्याकडे नवलाचं नाही, आणि अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर विचारायलाच नको. ते खारं पाणी समुद्राच्या पाण्याच्या जवळपासही जात नाही. 'आपलं पाणी खारंच आहे, मीठ कमी लागेल' हा हिशेब करू नका. आरओनंतर डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार ओढून घेणारा फिल्टर) हवंच आणि टीडीएस मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. प्लँटवरून येणारा वीस लिटरचा जार पिण्याला ठीक असेल, टँकला नाही. नळाचं पाणी असेल तर ग्रामपंचायत टाकीत टीसीएल पावडर टाकते, म्हणून आरओच्या मेम्ब्रेनच्या आधीचा कार्बन फिल्टर ताजा हवा. घरावरच्या टाकीचा दाब आरओला पुरत नाही. बूस्टर पंप नसेल तर थेंब थेंब पाणी येईल आणि तेही धड शुद्ध नसेल. पितळी नळ, तांब्याची भांडी या वाटेत कुठंच नकोत.

ड्रम नवा, खाद्यपदार्थांच्या दर्जाचा घ्या. औषधाचा किंवा खताचा ड्रम कितीही धुतलेला असला तरी नाही. वावरात औषध कालवलेली बादली 'फक्त एकदाच' वापरली तरी झिंगे जातात. सोबत १००० लिटर प्रतितासाचा पंप, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आणि थर्मामीटर.

रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा मोजायचं उपकरण) साध्या पाण्यावर शून्य करून भागत नाही. ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) द्रावणावर जुळवायचा. द्रावण मिळत नसेल तर ३६.५ ग्रॅम कोरडं साधं मीठ ९६३.५ ग्रॅम आरओ-डीआय पाण्यात विरघळवा, त्यावर रिफ्रॅक्टोमीटरनं ३५ दाखवलं पाहिजे. बऱ्याच रिफ्रॅक्टोमीटरची तापमान-भरपाई १० ते ३० अंशांपर्यंतच असते. उन्हाळ्याच्या दुपारी ३८ अंशांच्या खोलीत घेतलेलं माप म्हणजे अंदाज. सकाळी सहाला मोजा, आणि काचेवर थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबा. अल्कलिनिटी (थोडक्यात अल्क) म्हणजे पाण्याची आम्ल पेलायची ताकद, ती डीकेएच या एककात मोजतात. तिचं किट एकच असू द्या. जुनं पाणी एका किटवर आणि नवं दुसऱ्यावर मोजलं तर तुलनेला अर्थ उरत नाही. थेंब मोजण्याचं किट असेल तर नमुना दुप्पट घ्या, म्हणजे एका थेंबाची किंमत निम्मी होते. मे महिन्यात कपाटात शेकलेल्या किटवर भरवसा ठेवू नका.

आता खरी परीक्षा. नवी बादली उघडण्याआधी चांगली लोळवा, कारण वाहतुकीत बारीक दाणे तळाशी बसतात. पाच लिटर आरओ-डीआय पाणी २५ अंशांवर आणा आणि पंप चालू ठेवून १९० ग्रॅम मीठ हळूहळू त्यात सोडा. मीठ पाण्यात टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. तसं केलं की क्षणभर फार दाट द्रावण होतं, कॅल्शियम-कार्बोनेटचा साका बसतो आणि बसलेला परत विरघळत नाही. पाणी नितळ झाल्यावर आधी क्षारता ३५ वर आणा, मगच अल्क मोजा. ३३ वर मोजलं तर ११.५ चं अल्क १०.८ दिसेल आणि तुम्ही गाफील राहाल. हीटरवर पांढरा थर दिसला तर अल्क खाली बसलंय असं समजा. जुन्या ब्रँडचा मग किंवा वाटी नव्याला वापरू नका. ओल आणि दाणा वेगळा असतो, वजन चुकतं, आणि दर आठवड्याला थोडी थोडी चुकलेली क्षारता हळूहळू चढत जाते.

समजा टँकमध्ये अल्क ८ डीकेएच आहे आणि नव्या मिठात ११.५ निघालं. दहा टक्के पाणी बदललं तर टँक ८.३५ वर जाईल, हे कुणालाही सोसतं. तीस टक्क्यांनी एका संध्याकाळी ९ ओलांडेल, आणि लेदर तोंड मिटून बसेल. म्हणून आठवड्याला दहा टक्के, त्याहून जास्त नाही. या गतीनं सात बदलांत निम्म्याहून थोडं जास्त पाणी नव्या मिठाचं होतं. दर बदलाच्या आधी आणि दुसऱ्या दिवशी अल्क कालनिर्णयच्या चौकटीत लिहून ठेवा, बादलीचा बॅच नंबरही. आणखी एक. मऊ कोरल अल्क फारसं खात नाहीत, त्यामुळे जास्त अल्कचं महागडं मीठ त्यांना लागतच नाही, ७.५ ते ८.५ देणारं मीठ पुरतं. दुकानदार उलटं सांगेल. टँकचं माप काचेवरून धरू नका. दगड-वाळू वजा जाता दीडशे लिटरच्या टँकमध्ये सव्वाशेच्या आसपास पाणी असतं.

कॅल्शियम लिटरमागे ४१०-४४० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२५०-१३५० असेल तर त्यांच्या मागे लागू नका.

मीठ बदलत असाल त्या काळात दुसरं काही बदलू नका, नवा लाइट नाही, नवं खाद्य नाही. लाइन सलग चार तास राहील ती वेळ बघून ड्रम लावा आणि इन्व्हर्टरवर निदान एक पॉवरहेड (टँकमधलं पाणी फिरवणारा पंप) ठेवा. पंखा लावून टँक थंड करत असाल तर टॉप-अप (उडालेल्या पाण्याची भरपाई) साध्या आरओ-डीआय पाण्याचाच. टॉप-अपची टाकी रिकामी राहिली की क्षारता चढते आणि दोष मिठाला लागतो.

एवढं करूनही कोरल मिटले तर पहिले दोन-तीन दिवस हात लावू नका. लेदरवर मेणासारखा पापुद्रा येणं, आठवडाभर न उघडणं हे नेहमीचं. त्याच्यावर पॉवरहेडचा हलका झोत येऊ द्या आणि चांगला धुतलेला ५० ग्रॅम ॲक्टिव्हेटेड कार्बन पिशवीत घालून ठेवा. मोजण्याचा क्रम तापमान, क्षारता, अल्क, अमोनिया असा. झिंगे आणि खेकडे आधी मेले आणि कोरल नंतर बसले, तर मिठापेक्षा कीटकनाशकाचा किंवा तांब्याचा संशय धरा. फवारणीचे दिवस, डासांची धूर-फवारणी, खिडकीजवळचा एअर पंप, शेतातून आल्या-आल्या टँकमध्ये घातलेला हात, सगळं तपासा. क्षारता ३८ निघाली तर सव्वाशे लिटरमधलं सुमारे दहा लिटर खारं पाणी काढून तेवढंच साधं आरओ-डीआय घालायचं, पण तीन दिवसांत, रोज साडेतीन लिटरच्या आत. अल्क चढलं असेल तर लिंबू, व्हिनेगर असले प्रयोग नकोत. बाजूला ठेवलेल्या जुन्या मिठाचे दहा-दहा टक्क्यांचे बदल करा. अल्क पडलं असेल तर खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर नव्हे. १ डीकेएच चढवायला लिटरमागे ३० मिलिग्रॅम, म्हणजे सव्वाशे लिटरला पावणेचार ग्रॅम. तो दोन दिवसांत विभागून, पेलाभर आरओ पाण्यात विरघळवून पॉवरहेडसमोर ओता.

झोआचा गुच्छ वितळून वास यायला लागला तर तो काढावाच लागतो, नाहीतर अमोनिया वाढतो. त्यासाठी नायट्राइल हातमोजे आणि डोळ्यांचा चष्मा आधीच घरात असू द्या. काही झोआंत पॅलिटॉक्सिन असतं. ब्रशनं घासू नका, गरम पाणी ओतू नका, तो दगड उकळू तर मुळीच नका. वाफेतून ते विष फुप्फुसात जातं, आणि तालुक्याचा दवाखाना तासभर लांब असतो. दगड टँकच्याच पाण्यात बादलीत उचलून न्या, खोलीची दारं-खिडक्या उघडी ठेवा, मेलेला भाग प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, आणि बादलीतलं पाणी टँकमध्ये परत ओतू नका.