पाळीतली जवळीक आणि कप

ओपीडीत नव्या लग्नाच्या मुली दबक्या आवाजात विचारतात, "सिस्टर, पाळीचा कप आत असताना संबंध चालतो का?" योनीत लिंग जाणार असेल तर पाळीचं रक्त आत साठवणारा हा घंटेच्या आकाराचा कप आधी काढायचाच. तो योनीत खालच्या बाजूला बसतो, संबंधात सरकतो, दोघांनाही दुखू शकतं. नुसता बाहेरून स्पर्श असेल तर मात्र खुशाल राहू द्या, चादरीची धास्ती उरत नाही.

काढताना घाई नको गं. नखं कापलेली हवीत, हात साबणाने धुतलेले. उकिडवं बसा, हलका जोर लावा, कपाचा तळ चिमटीत दाबा म्हणजे हवा आत शिरून पकड सुटते. नुसतं देठ धरून ओढू नका. तांबी बसवलेली असेल तर तीही निसटू शकते, म्हणून कप वापरण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

कपासारखीच रक्त साठवणारी पसरट डिस्क मात्र आत, जघनास्थीच्या म्हणजे ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या मागे बसते. काही डिस्क संबंधात ठेवता येतात. पाकिटावर तसं लिहिलं असेल तरच ठेवा. गर्भधारणा किंवा संसर्ग यांपैकी काहीही या दोन्हींनी थांबत नाही, निरोध लागतोच. वंगण पाण्यावर आधारित घ्या. बहुतेक कप जास्तीत जास्त 12 तास ठेवायचे असतात. नवऱ्याला आधीच सांगा, आणि दुखलं की लगेच थांबा.