‘स्टेअरवे टू हेवन’ची आरंभीची सुरावट: चढता सूर आणि उतरता सूर

लेड झेपेलिन या ब्रिटिश वाद्यवृंदाचा चौथा संग्रह ८ नोव्हेंबर १९७१ रोजी प्रसिद्ध झाला. त्यातील ‘स्टेअरवे टू हेवन’ या गाण्याचा आरंभ वाद्यवृंदाचे गिटारवादक जिमी पेज यांनी अकूस्टिक गिटारवर वाजवला आहे. गाणे आठ मिनिटांचे आहे आणि ड्रम्स त्यात चार मिनिटे उलटून गेल्यावर येतात. त्यामुळे सुरुवातीला गिटार जवळजवळ उघडी असते आणि बोटांची प्रत्येक हालचाल कानाला स्पष्ट कळते. गिटार शिकणाऱ्या बहुतेकांना ही सुरावट वाजवावीशी वाटते. बहुतेक जण टॅब, म्हणजे कोणती तार कुठे दाबायची हे आकड्यांनी दाखवणारे लेखन, उघडून आकडे पाठ करतात. आकडे पाठ होतातही, पण सुरावट जुळून येत नाही. मीही असेच शिकलो होतो. बोटे बरोबर जागी पडत होती, तरी ऐकणाऱ्याला ते सुटेसुटे स्वर वाटत. या सुरावटीत दोन सूर एकाच वेळी विरुद्ध दिशांना चालतात, हे कानाला कळले तेव्हा ती मला वाजवता येऊ लागली. म्हणून बोटांच्या आधी कानाची तयारी करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

गिटार नेहमीच्या पद्धतीने जुळवून घ्यावी. कॅपो, म्हणजे तारांवर आडवा बसवायचा चिमटा, लागत नाही. सर्वांत बारीक तार पहिली आणि सर्वांत जाड तार सहावी, हा क्रम पुढे सर्वत्र धरला आहे.

घरात हार्मोनियम असेल तर पांढरी सहाला षड्ज मानावा. सुरावट ‘ए मायनर’मध्ये असल्यामुळे तिचा षड्ज तिथेच पडतो. खालचा सूर मध्य षड्जापासून अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरतो: षड्ज, शुद्ध निषाद, कोमल निषाद, शुद्ध धैवत, कोमल धैवत. वरचा सूर तार षड्जापासून निघून रिषभ आणि कोमल गंधार असा चढतो, मग एकदम मध्य सप्तकातील शुद्ध धैवतावर येतो आणि पंचमावर थांबतो. एका हाताने खालची आणि दुसऱ्या हाताने वरची ओळ हार्मोनियमवर सावकाश वाजवून पाहिली की या रचनेचे सौंदर्य उलगडते. वरच्या आणि खालच्या स्वरांची प्रत्येक जोडी ही एक पायरी मानू. पहिल्या पायरीला दोन्ही सूर षड्जावर असतात, पुढच्या दोन पायऱ्यांत ते एकमेकांपासून दूर जातात आणि चौथ्या पायरीला दोघेही शुद्ध धैवतावर पुन्हा भेटतात, एक मंद्र सप्तकात आणि दुसरा मध्य सप्तकात. पाचव्या पायरीला खाली कोमल धैवत आणि वर पंचम येतो. या दोन स्वरांतील ताण हा मला साऱ्या सुरावटीचा गाभा वाटतो, आणि तो घाईत वाजवला तर ऐकूच येत नाही.

मायनर सप्तकात खालचा सूर असा अर्ध्या स्वराने उतरवणे ही पाश्चात्य संगीतातील फार जुनी रीत आहे. याच गाण्यावर अमेरिकेत खटला चालला, तेव्हा ‘स्पिरिट’ या वाद्यवृंदाच्या १९६८ सालच्या एका वाद्यरचनेशी असलेले साम्य तपासताना अशा उतरत्या स्वरांचा प्रश्न आला होता. २०१६ मध्ये ज्यूरीने लेड झेपेलिनच्या बाजूने कौल दिला आणि २०२० मध्ये अपील न्यायालयाने तो कायम ठेवला.

आता गिटार हाती घ्यावी. आधी केवळ चौथ्या तारेवर ७, ६, ५, ४ आणि ३ या फ्रेट्सवर (गिटारच्या पटलावरील धातूच्या पट्ट्यांमधल्या घरांवर) उतरत यावे. हा खालचा सूर आहे. मग केवळ पहिल्या तारेवर ५, ७, ८, २ आणि शेवटी मोकळी तार वाजवावी. हा वरचा सूर. एक ओळ वाजवताना दुसरी गुणगुणता आली पाहिजे. हे दोन दिवसांत जमले तर उत्तम, आठवडा लागला तरी हरकत नाही.

त्यानंतर डाव्या हाताची रचना पाहावी. तर्जनी पाचव्या फ्रेटवर आडवी ठेवून तिने पहिल्या चार तारा दाबाव्यात आणि अनामिका चौथ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर ठेवावी. ही पहिली पायरी. दुसऱ्या पायरीसाठी अनामिका उचलून मधले बोट चौथ्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर आणि करंगळी पहिल्या तारेच्या सातव्या फ्रेटवर ठेवावी. तर्जनी जागची हलवू नये. तिसऱ्या पायरीला मधले बोट उचलले की चौथ्या तारेवर तर्जनीखालचा पाचवा फ्रेट आपोआप वाजतो आणि करंगळी पहिल्या तारेवर आठव्या फ्रेटपर्यंत सरकते. या तिन्ही पायऱ्यांत दुसरी आणि तिसरी तार पाचव्या फ्रेटवरच राहते, म्हणजे मधले दोन स्वर स्थिर असतात आणि बाहेरचे दोन चालतात. तर्जनीची बाजू थोडी कलती ठेवून, कोपर शरीराजवळ आणून दाब दिला तर अंगठ्यावर जोर न काढताही तारा स्वच्छ वाजतात. तरीही एखादी तार मुकी राहत असेल, तर दोष नेहमी बोटांचाच असतो असे नाही. गिटारच्या तारा पटलापासून फार उंच असतील तर जाणकाराकडून त्या खाली करून घ्याव्यात.

चौथ्या पायरीची उडी ही या सुरावटीतील सर्वांत अवघड जागा आहे. पाचव्या फ्रेटवरचा हात तिथून दुसऱ्या फ्रेटपाशी यायचा असतो आणि बोटांचा आकारही पूर्ण बदलतो: तर्जनी तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, मधले बोट पहिल्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर आणि करंगळी चौथ्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर. नेहमीच्या ‘डी’ कॉर्डला करंगळीची जोड दिली की हाच आकार होतो. उडीपूर्वीचा शेवटचा स्वर करंगळीवर असतो आणि उडीनंतर खालचा सूर वाजवायचा तोही करंगळीनेच. त्यामुळे करंगळीला नजरेने वाट दाखवावी. शेवटचा स्वर वाजत असतानाच डोळे चौथ्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर नेऊन ठेवावेत, हाताकडे पाहू नये. तिसरी आणि चौथी पायरी एवढीच जोडी निवडून ती दररोज वीस-पंचवीस वेळा, न वाजवता केवळ हात हलवून करावी आणि मग वाजवून करावी. संपूर्ण सुरावट पुन्हापुन्हा सुरुवातीपासून वाजवत राहिल्यास सोप्या जागांचा सराव वाढतो आणि अवघड जागा अवघडच राहते.

पाचवी पायरी सोपी आहे. अनामिका चौथ्या तारेच्या तिसऱ्या, मधले बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या आणि तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर येते. पहिली तार मोकळी वाजली पाहिजे. तर्जनी जराशी आडवी झाली तरी ती तार दबते आणि ज्या पंचमासाठी सारा खटाटोप केला तोच हरवतो.

उजव्या हाताने प्रत्येक तारेला एकेक बोट नेमून द्यावे: चौथ्या तारेला अंगठा, तिसरीला तर्जनी, दुसरीला मधले बोट आणि पहिलीला अनामिका. पहिल्या पायरीत बोटे याच क्रमाने, एकामागून एक वर चढतात. दुसऱ्या पायरीपासून अंगठा आणि अनामिका एकाच क्षणी वाजतात, कारण तिथे दोन्ही सूर एकदम बदलतात. त्यानंतर मधले बोट, तर्जनी आणि पुन्हा अनामिका. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीतही हाच क्रम राहतो. ‘एक-अन्-दोन-अन्’ असे मोजल्यास प्रत्येक पायरी दोन मात्रांची होते. पाचव्या पायरीचा आकार मात्र संपूर्ण चार मात्रा धरून ठेवायचा असतो आणि वरच्या तीन तारांवर बोटे खालीवर फिरत राहतात. अंगठा व अनामिका एकत्र वाजवताना अनामिकेचा आवाज बहुधा कमी पडतो. तिला किंचित अधिक जोर द्यावा, म्हणजे वरचा सूर गाण्यासारखा पुढे येईल.

ओळीच्या शेवटी मधले बोट पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवून ती तार, मोकळी तिसरी आणि मोकळी दुसरी अशा तीन तारा अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाने एकदम छेडाव्यात. चौथ्या तारेला स्पर्श करू नये. लगेच डावी तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या आणि अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर टेकवून, पाचवी तार मोकळी ठेवून, त्याच तीन तारा दोनदा वाजवाव्यात. खालचा सूर रिषभावरून मंद्र षड्जावर येऊन विसावतो आणि ओळ पुरी होते.

लयीच्या बाबतीत मी कडक आहे. ध्वनिमुद्रणात आरंभाची लय मिनिटाला साधारण सत्तरीच्या घरात आहे, पण सराव ४० वर सुरू करावा आणि एकही स्वर न तुटता सलग पाच वेळा वाजल्यावरच मेट्रोनोम (ठेका देणारे यंत्र) चार-चार मात्रांनी वाढवावा. दिवसातून पंधरा मिनिटांच्या दोन बैठका एका लांब बैठकीपेक्षा अधिक लाभतात, कारण स्टीलच्या तारांवर बार, म्हणजे आडव्या तर्जनीचा दाब, धरताना तर्जनी थकते आणि थकलेला हात चुकीचा दाब शिकतो. मूळ ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवण्याची वेळ येईल तेव्हा याच वाद्यवृंदातील जॉन पॉल जोन्स यांच्या रेकॉर्डर या लाकडी सुषिरवाद्यांचे सूर गिटारमध्ये मिसळू लागतात. त्या क्षणी आपला आवाज थोडा कमी करावा, पण अंगठ्याचा उतरता सूर तसाच स्पष्ट ठेवावा.