टेक्सासात जमीन घेतलेल्यांसाठी: शिकार, गळ आणि कुंपण

ऑस्टिनच्या पश्चिमेला, हिल कंट्रीत, दहा-वीस एकर घेतलेल्या आपल्या मंडळींचे फोन मला ऑगस्टअखेरीस येऊ लागतात, कारण शिकार-परवान्याचे वर्ष १ सप्टेंबरला सुरू होते. सातबारा नावावर झाला की बांधावरच्या झाडापासून विहिरीपर्यंत सारे आपले, ही समजूत आपण गावाकडून बरोबर आणतो. येथे मात्र स्थानिक वन्य प्राणी जनतेचे मानले जातात, आणि तुमच्या जमिनीवर शिकारीसाठी कोणी यावे व कोणी येऊ नये, एवढेच ठरवणे मुख्यतः तुमच्या हाती असते. गेम वॉर्डनला, म्हणजे वन्य प्राण्यांचे कायदे राबवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, तुमच्या संमतीचाही अडसर नाही. वन्य प्राण्यांचा वावर असलेल्या जमिनीत तो वॉरंटाशिवाय येऊ शकतो.

म्हणून स्वतःच्या रानात हरीण मारायचे तरी परवाना लागतो, आणि २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-प्रशिक्षणही पूर्ण करावे लागते. हरीण पडल्याबरोबर परवान्याला जोडलेला टॅग तारखेसह त्याला लावायचा असतो. घरी नेऊन सावकाश लावू, हे चालत नाही. रानडुकरांचे तसे नाही. २०१९ पासून खाजगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने, ती विनापरवाना मारता येतात, आणि एका रात्रीत त्यांनी उकरलेले गवताळ रान पाहिले की ही सवलत का दिली ते वेगळे सांगावे लागत नाही.

सर्वाधिक गोंधळ मक्यावरून होतो. खाजगी जमिनीवर हरणांसाठी मका टाकणे येथे कायदेशीर आहे, आणि ठरावीक वेळी फिरून दाणे उधळणारा तीन पायांचा फीडर जवळजवळ प्रत्येक रानात दिसतो. परंतु त्याच दाण्यांवर होले उतरले आणि तुम्ही बार काढला, तर तो गुन्हा होतो, कारण होले हे स्थलांतरित पक्षी असून त्यांना संघराज्याचे नियम लागू आहेत. दाणा पूर्णपणे उचलल्यानंतरही दहा दिवस ती जागा आमिषाचीच धरली जाते. मी स्वतः पहिल्या वर्षी पाहुण्यांना फीडरच्या शेजारीच खुर्च्या मांडून दिल्या होत्या. शेजाऱ्याने वेळीच हटकले म्हणून निभावले.

शेजारच्या कुंपणापलीकडे काळवीट किंवा चितळ चरताना दिसले तर दचकू नका. भारतात १९७२ च्या कायद्याने संरक्षण दिलेले हे प्राणी येथे बाहेरून आणलेले म्हणून गणले जातात, आणि त्यांना बंदीचा हंगाम नाही. दक्षिण टेक्सासात तर आपल्या विदर्भातली रोही, म्हणजे नीलगायसुद्धा, रानात मोकळी फिरते. परवाना आणि जमीनमालकाची संमती मात्र यांच्यासाठीही लागते.

पूर्णतः तुमच्या हद्दीत असलेल्या तळ्यात, ज्याला येथे टँक म्हणतात, गळ टाकायला परवाना लागत नाही. ओढ्याचे तसे नाही: मुखापासून वर त्याच्या पात्राची सरासरी रुंदी तीस फूट भरत असेल, तर दोन्ही काठ तुमचे असले तरी पाण्यातून जाणाऱ्या लोकांना तुम्ही हटकू शकत नाही. काठावर चढून तुमच्या रानात शिरण्याचा हक्क मात्र त्यांना नाही.

व्हिसावर असलेल्यांनी बंदुकीला हात लावण्यापूर्वी वकिलाला विचारावे. तात्पुरत्या व्हिसाधारकांना बंदूक बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे; वैध शिकार-परवाना हा तिचा एक अपवाद आहे, परंतु ऐकीव माहितीवर त्याचा अर्थ लावू नये. गोळी शेजाऱ्याच्या हद्दीत गेली तर तोही गुन्हा ठरू शकतो, म्हणून लहान तुकड्यावर रायफलीचा विचार न केलेलाच बरा.

कुंपणाच्या खांबांवर जांभळ्या रंगाच्या उभ्या रेघा दिसल्या तर ती कोणाची हौस समजू नका. १९९७ पासून अशा रेघेचा अर्थ ‘प्रवेश बंद’ असा आहे. रेघ किमान आठ इंच लांब व एक इंच रुंद असावी, जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर असावी, आणि झाडीत दोन खुणांमधील अंतर शंभर फुटांपेक्षा जास्त नसावे. तुमच्या गोळीने जखमी झालेले हरीण अशा कुंपणापलीकडे जाऊन पडले, तरी तारेखालून वाकून जाऊ नका. गाडी काढा, रस्त्याने शेजाऱ्याच्या फाटकावर जा आणि तो हो म्हणेपर्यंत बाहेर थांबा.