रॅम बदलली आणि स्क्रीन काळी: २०१४च्या छोट्या पीसीचा माझा अनुभव

फैजपूरला केळीच्या हिशोबासाठी तळहाताएवढा जुना पीसी वापरतो. ४ जीबीवर रखडायचा, म्हणून जळगावहून ८ जीबीची रॅम आणली. बसवली, तर दिवा नुसता लुकलुकतो, स्क्रीन काळी.

रॅमचे पिन खोडरबराने पुसले, स्लॉट बदलला, बायोसचा (पीसी सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामचा) सेल काढून लावला. दोन दिवस डोकं पार तापलं.

कारण रॅमच्या स्टिकरवरच होतं: पीसी३ (PC3), म्हणजे १.५ व्होल्टवर चालणारी रॅम. या मदरबोर्डला (पीसीच्या मुख्य सर्किट बोर्डाला) १.३५ व्होल्टचीच लागते, तिच्यावर पीसी३एल (PC3L) लिहिलेलं असतं. दोन्हींची खाच सारखीच, त्यामुळे चुकीची रॅमही नीट बसते. खरी मेख इथेच आहे.

रॅम बदलून आणली आणि असं केलं. वायर काढून पॉवरचं बटण दहा सेकंद दाबलं. तळाचे चार स्क्रू काढले. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून आधी धातूला हात लावला, मगच रॅम धरली. तिरकी सरकवून खाली दाबली, दोन्ही क्लिपा टक् वाजेपर्यंत. एकाच रॅमवर चालू करून बायोसमध्ये ८ जीबी दिसल्यावर दुसरी लावली. पहिल्यांदा स्क्रीन यायला वेळ लागतो, मध्येच बंद करू नका.

या बोर्डाची कमाल १६ जीबीच. झाकण लावण्याआधी पंख्यातली धूळ ब्रशने काढा. आपल्याकडचा मे महिना या डबीला झेपत नाही.