कोल्हापूर सोडून मिशन सेवेला जायचा विचार करताय? आमच्या घराचा अनुभव

आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, काही तरुण जोडपी हल्ली विचारतात, ताई, आम्हालाही वाटतंय की प्रभू दुसरीकडं सेवेला बोलावतोय, पण हे नक्की कसं ओळखायचं आणि ओळखल्यावर पुढं काय करायचं. प्रत्येकाला फोनवर तुकड्या तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच काढते. आम्ही मूळचे कोल्हापूरचे, मिस्टर उद्यमनगरात लेथवर होते, मी प्रायमरीला शिकवायचे, आणि आता काही वर्षं झाली आम्ही मुलाबाळांसकट नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी राहतोय.

सगळ्यात आधी एक सांगते, पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाचं बोलावणं, घरातल्या एकाला जाणवलं म्हणून लगेच सामान बांधायचं नाही. बऱ्याचदा होतं काय, चर्चच्या संजीवन सभेत नवऱ्याला बोलावणं जाणवतं, तो घरी येऊन म्हणतो आपण निघायचं, आणि बायको देवाला नाही कसं म्हणायचं म्हणून गप्प बसते. असं गप्प बसून निघालेलं घर तिकडच्या पहिल्याच उन्हाळ्यात खचतं, मी जवळून बघितलंय. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा 16 वा अध्याय एकदा नवरा-बायकोनं बसून वाचा. मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त एकट्या पौलाला झाला, पण तिकडं जायचं हे बरोबरच्या सगळ्यांनी मिळून ठरवलं, आणि त्याच्या आधी आशिया आणि बिथुनिया या तेव्हाच्या दोन प्रांतांच्या वाटा त्यांना बंद झालेल्या होत्या. 13 व्या अध्यायात तर अंत्युखियाच्या मंडळीनं उपास-प्रार्थना करून, हात ठेवून माणसं पाठवली. म्हणजे घर आणि मंडळी दोन्ही त्यात आली. पाळक साहेब आणि चर्चच्या पंच कमिटीला सगळं ठरल्यावर फक्त निरोपाच्या प्रार्थनेला बोलवू नका, पहिल्यापासून त्यांना यात घ्या, आणि ते थांबा म्हणाले तर थांबा.

आमच्याकडं आधी मला वाटायला लागलं, मिस्टरांना नाही. मी त्यांच्या मागं लागले नाही, दोघांनी आपापली प्रार्थना चालू ठेवली आणि बऱ्याच महिन्यांनी एका रविवारी उपासनेनंतर ते स्वतःहून म्हणाले की चल, एकदा बघून तरी येऊ. सासूबाईंचा मात्र ठाम विरोध होता. त्यांचं म्हणणं, इथं कोल्हापुरात काय सगळं काम संपलं होय रं, की माझी नातवंडं एवढ्या लांब न्यायला निघालाय? हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. पाळक साहेब स्वतः घरी आले, त्यांच्याजवळ बसले आणि आपल्याच वायल्डर साहेबांची आठवण काढली. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर 1852 साली बायको एलायझाला घेऊन कोल्हापुरात आले, तेव्हा त्यांच्या मागंही अशीच कुणाची तरी आई राहिली असेल ना. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली इथंच कोल्हापुरात जन्मला, आणि पुढं 1886 ला अमेरिकेत विद्यार्थ्यांची जी मिशन चळवळ उभी राहिली त्यात तो पुढं होता. बहीण ग्रेसही सेवेतच गेली. सगळं घर त्यात होतं. सासूबाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत, पण नंतर रोजच्या प्रार्थनेत आमच्या जाण्यासाठी मागायला लागल्या.

मुलांना विचारा, आणि मनापासून विचारा. आमची मोठी तेव्हा सातवीत होती, तिचा एकच प्रश्न, तिकडं माझी मैत्रीण कोण असणार? याचं उत्तर बायबलमधलं वचन नाही. आम्ही तिला बघायला बरोबर घेऊन गेलो, शाळा दाखवली, शेजारच्या मुलींशी ओळख करून दिली, दहावीला कुठं ठेवायचं हे तिच्यासमोर बोललो. लहान मुलं रुळतात, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलांना वेळ लागतो आणि तो द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, त्यासाठी जाणं वर्षभर पुढं गेलं तरी चालेल.

आता जागेबद्दल. नंदुरबार जिल्हा 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला. धडगाव, अक्कलकुवा हा डोंगराळ भाग, बहुतेक वस्ती भिल्ल आणि पावरा लोकांची. आपण तिथं पहिलेच निघालोय असं डोक्यात घेऊन जाऊ नका. नवापूरकडं जुन्या मंडळ्या आहेत, मावची बोलणारे ख्रिस्ती लोक आहेत, चिंचपाड्याला ख्रिस्ती हॉस्पिटल आहे. आधी त्यांना भेटा, त्यांचं ऐका, त्यांना विचारून जागा ठरवा. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातला जातात, गावं अर्धी रिकामी होतात. आपण कोल्हापूरवाले ऊस फडाच्या या बाजूनं बघितलेला असतो, टोळी येते, तोडते, जाते. तिकडं गेल्यावर कळतं की टोळी निघाली की मागं म्हातारी माणसं राहतात आणि पोरांची शाळा तुटते. मी जे काम करते ते यातूनच निघालं, मागं राहिलेल्या पोरांना संध्याकाळी शिकवायचं.

भाषेला घाई नको. मराठी समजते पण घरातलं, मनातलं सगळं पावरीत चालतं. आमच्या शेजारची आजी उन्हाळ्यात ओट्यावर मोहाची फुलं वाळत घालायची, मी जवळ जाऊन बसायचे. एकेक शब्द सांगायची, वही काढली की हातानं बाजूला सारायची, आधी तोंडानं म्हण मग लिही. तीन-चारदा चुकलं तरी ती कंटाळायची नाही, अख्ख्या आळीला हाक मारून सांगायची बघा मास्तरीण आमचं बोलतेय. मिस्टरांना लोकांनी ओळखलं ते गावातल्या गिरणीमुळं. गिरणीची शाफ्ट गेली होती, यांनी शहाद्याला नेऊन टर्निंग करून बसवली, तेव्हापासून पंप, मोटर काही बंद पडलं की हाक येते. म्हणून सांगते, हातातला हुन्नर सोडून जाऊ नका. बायबलमधलं जोडपं अक्विला आणि प्रिस्किल्ला राहुट्या करायचे काम करूनच सेवेत होते.

पैशाचं आणि कायद्याचं आधी समजून घ्या. संस्थेकडून मानधन किती, पीएफ आहे का, मेडिक्लेममध्ये मुलं धरलीत का, हे विचारायला लाजू नका, त्यानं विश्वास कमी पडतो असं काही नाही. परदेशातल्या ओळखीच्या माणसानं सेवेसाठी देणगी पाठवतो म्हटलं तर स्वतःच्या खात्यावर घेऊ नका. त्याला संस्थेकडं एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो आणि एका संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडं वळवता येत नाही. घटनेच्या कलम 25 नं आपला धर्म पाळायचा आणि सांगायचा हक्क दिलाय, पण दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क त्यात येत नाही असं सुप्रीम कोर्टानं 1977 साली सांगितलंय. जबरदस्ती आणि आमिष तर येशूच्या शिकवणीतच बसत नाही. औषध, शिकवणी, धान्य यातलं काहीही प्रार्थनेला आलात तर मिळेल असं कधीही ठेवू नका, आमच्या संध्याकाळच्या वर्गाला कुणाचं देवघर कुठलं हे आम्ही विचारत नाही. कुणी विचारलं तर येशूबद्दल मोकळेपणानं सांगतो. ग्रामपंचायतीत जाऊन आपण कोण, काय करतो हे पहिल्याच आठवड्यात सांगून टाका, घर भाड्याचं असेल तर करार करा, आधार, रेशनचे पत्ते बदलून घ्या.

आणि बघायला जाल तेव्हा हिवाळ्यात जाऊ नका, तेव्हा सगळंच छान वाटतं. एकदा एप्रिल-मेमध्ये जा, एकदा जुलैमध्ये रस्ते निसरडे आणि लाईट गेलेली असताना जा, दोन्ही वेळा मुलांना न्या आणि लॉजवर न उतरता तिथल्या एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी राहा. परत आल्यावर लगेच होय-नाही करू नका, आधी मुलांना बोलू द्या, मग बायकोला, मग नवऱ्यानं बोलावं, आणि मग सगळ्यांनी मिळून पाळक साहेबांकडं जावं.