स्टार्टर अर्ध्या फेऱ्यात अडतो? आधी टॅपेट बघा

अमेरिकेत घराबरोबर मागच्या मालकाचं जुनं, बसून चालवायचं लॉनमोअर (गवत कापायचं यंत्र) पदरात पडलं असेल, तर हे दुखणं कधी ना कधी भेटतंच. किल्ली फिरवली की इंजिन अर्धा फेरा घेतं, 'हुं' करून थांबतं. लोक बॅटरी बदलतात, मग सोलेनॉइड (स्टार्टरला वीज जोडणारा स्विच), मग स्टार्टर. दोनशे डॉलर जातात आणि इंजिन तिथेच अडतं. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या एका सिलिंडरच्या 'इंटेक' मालिकेतल्या ओएचव्ही (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर असलेल्या) इंजिनात बऱ्याचदा दोष टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातल्या फटीचा, असतो.

कारण असं. सुरू होताना कॉम्प्रेशन थोडं सुटावं म्हणून कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) एक बारीक उंचवटा असतो. तो व्हॉल्व्ह जेमतेम उचलतो. टॅपेटची फट वाढली की तेवढी उचल त्या फटीतच जिरते, व्हॉल्व्ह मिटलेलाच राहतो आणि स्टार्टरला पूर्ण दाबाशी झुंजावं लागतं.

खात्री करणं सोपं आहे. बॅटरी विश्रांतीत 12.6 व्होल्टच्या आसपास हवी, केबलची टोकं घासून घट्ट केलेली हवीत. मग स्पार्क प्लग काढा आणि त्याची वायर भोकापासून लांब, इंजिनच्या धातूला टेकवून ठेवा. भोकातून पेट्रोलची वाफ येते, तिथे ठिणगी नको. आता किल्ली फिरवा. इंजिन भिंगरीसारखं फिरलं तर स्टार्टर निर्दोष आहे.

पुढचं काम थंड इंजिनावरच. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, व्हॉल्व्ह कव्हरचे चार बोल्ट सोडा. वरून पाहताना फ्लायव्हील घड्याळाच्या दिशेने हाताने फिरवा आणि प्लगच्या भोकात प्लास्टिकची स्ट्रॉ धरून पिस्टनचा अंदाज घ्या. कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात (दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना) पिस्टन अगदी वर येऊन पाव इंच, म्हणजे साधारण 6 मिमी, खाली उतरला की थांबा. नेमकं माथ्यावर थांबलात तर तो उंचवटा मापात घोळ घालू शकतो. बहुतेकांची चूक इथेच होते.

फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीमधली फट मोजा. कार्ब्युरेटरच्या बाजूचा इनटेक (आत घेणारा) व्हॉल्व्ह 0.003 ते 0.005 इंच, सायलेन्सरच्या बाजूचा एक्झॉस्ट (बाहेर सोडणारा) 0.005 ते 0.007 इंच. गावाकडे कुणाला बुलेटची टॅपेट सेट करताना पाहिलं असेल, तर हात कसा चालतो ते ठाऊक असेलच: पट्टी सरकावी, पण किंचित ओढ लागावी. फट कमी-जास्त करायचा नट रॉकरवर असतो, त्याच्या मधोमध टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीसारख्या) खाचेचा लॉक स्क्रू असतो. तो आधी ढिला करा. तसाच नट पिळलात तर खाच जाते. लॉक आवळताना माप हलतं, म्हणून पुन्हा मोजा. मग दोन पूर्ण फेरे फिरवून परत एकदा.

फट फारच मोठी निघाली तर नुसती सेट करून कव्हर लावू नका. पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारी काडी) काढून काचेवर लोळवा, वाकडा असेल तर लगेच कळतो. कुठला कुठे होता त्याची खूण ठेवा, अदलाबदल करू नका. रॉकरचा स्टड डुलतोय का तेही हलवून बघा.

कव्हरला गॅस्केट नवीन घाला. प्लगचा गॅप 0.030 इंच.

माप बरोबर असूनही इंजिन अडत असेल, तर कॅमशाफ्टवरची ती कॉम्प्रेशन सोडणारी यंत्रणाच तुटलेली असणार. मग इंजिन उतरवून खालचा संप (तेलाचं तळाचं झाकण) उघडायचा आणि कॅमशाफ्ट नवा टाकायचा, म्हणजे शनिवार-रविवार दोन्ही गेले. डेक (पात्यांवरचं पत्र्याचं कवच) गंजून गेलं असेल तर हा खर्च करू नये.