पर्यावरणस्नेही उन्हाळी शिबिर : तयारीची यादी

वस्तीतल्या उन्हाळी शिबिराची तयारी बहुधा शेवटच्या पंधरवड्यात सुरू होते, आणि चित्रकलेच्या किंवा खेळांच्या शिबिराला तेवढा अवधी पुरतोही. पर्यावरणस्नेही राहणी शिकवायची असेल तर मात्र तो पुरत नाही, कारण मुलांना जे दाखवायचे ते आयत्या वेळी विकत आणता येत नाही. ते कुजायला, रुजायला आणि वाढायला आपला वेळ घेते. म्हणून शिबिराची तारीख ठरताच सर्वांत संथ गोष्ट कोणती ते पाहावे आणि तिथून मागे दिवस मोजावेत.

ती संथ गोष्ट म्हणजे कंपोस्ट. एकाऐवजी तीन ढीग लावावेत : पहिला शिबिराच्या तीन महिने आधी, दुसरा महिनाभर आधी आणि तिसरा केवळ आठवडाभर आधी. मग मुलांना एकाच सकाळी ओळखू येणारी साले व देठ, अर्धवट कुजलेला भुगा आणि मातीचा वास येणारे तयार खत अशा तिन्ही अवस्था शेजारी शेजारी पाहता येतात. नवा ढीग लांबी, रुंदी आणि उंचीला सुमारे एक मीटर असावा, कारण त्याहून फार लहान ढिगात उष्णता टिकत नाही. नीट जमलेल्या ढिगाच्या पोटात सूक्ष्मजीवांच्या कामामुळे तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. त्यासाठी लांब दांड्याचा तापमापक आणावा. पण आकड्याआधी मुलांना ढिगाच्या वरच्या थराजवळ तळहात धरू द्यावा. पहाटे ढीग उकरल्यावर वाफ वर येते आणि ती ऊब तळव्याला लागते, तेव्हा कुजणे म्हणजे सडून वाया जाणे नव्हे हे वेगळे सांगावे लागत नाही.

कंपोस्टच्या यादीत ओल्या कचऱ्याआधी वाळका पाचोळा लिहावा. एका वर्षी आम्ही ओला कचरा भरपूर जमवला, पण पाचोळा पानगळीच्या दिवसांत भरून ठेवायला विसरलो. दोन दिवसांत ढीग चिकट झाला, उग्र वास सुटला आणि मुले दूर जाऊन उभी राहिली. त्या मुलांना खताविषयी जी नावड बसली, तिचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून आम्ही एक भाग ओल्या कचऱ्याला दोन ते तीन भाग पाचोळा, या हिशेबाने पोती आधीच भरून ठेवतो. ओलाव्याची परीक्षा सोपी आहे : मूठभर मिश्रण घट्ट दाबले की बोटांतून एक-दोन थेंबच निघावेत.

रोपांचा हिशेबही असाच मागे मोजावा. टोमॅटोचे बी पेरल्यापासून रोप लावण्याजोगे व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. म्हणून ती रोपे संयोजकांनीच तयार ठेवावीत आणि मुलांच्या हातून मुळ्याचे बी पेरून घ्यावे, जे तीन ते पाच दिवसांत उगवते आणि आठवड्याच्या शिबिरातही त्यांना दिसते.

मोजमापाची साधने शिबिरापूर्वी तपासून घ्यावीत. शिबिरात रोज निघणारा कचरा मुलांनीच वर्गवारी करून तोलायचा असल्याने ताणकाटा आणि मोठा नोंदफलक लागेल. पाण्यासाठी एक मोजपात्र पुरते : गळक्या नळाखाली दहा मिनिटांत ५० मिलिलिटर पाणी जमले, तर दिवसाला ७.२ लिटर वाया जाते, हे गणित मुले स्वतः करतात आणि घरी जाऊन नळ तपासतात. सौरपेटी, म्हणजे उन्हाच्या उष्णतेवर अन्न शिजवणारी पेटी, मुलांकडून करून घ्यायची असेल तर तिचे तत्त्व जुने आहे हेही सांगावे. १७६७ मध्ये स्विस शास्त्रज्ञ द सोस्यूर यांनी काच बसवलेल्या पेटीत सूर्याची उष्णता कोंडून दाखवली होती. अशा पेटीत तापमान १०० अंशांच्या वर जाऊ शकते, त्यामुळे पुठ्ठा, काच आणि काळ्या रंगाच्या भांड्यासोबत जाड हातमोजे विसरू नयेत.

काय आणू नये, हेही यादीत असावे, आणि माझ्या मते ते अधिक काटेकोरपणे पाळावे. छापील टी-शर्ट, प्लास्टिकचे फलक, एकदाच वापरायचे पेले आणि वेष्टनातले खाऊ शिबिरात आले, तर आपले शब्द आणि आपले वागणे यांतली फट मुलांना पहिल्याच दिवशी दिसते. खुरपी, झाऱ्या, बादल्या शेजारपाजारच्या घरांतून नावे लिहून मागून घ्याव्यात आणि नोंदणीपत्रकातच प्रत्येकाला स्वतःचा पेला व पाण्याची बाटली आणायला सांगावे.

पालकांचे संमतिपत्र, प्रथमोपचार पेटी, पिण्याचे पुरेसे पाणी आणि सावलीची जागा या बाबी कोणत्याही शिबिराला लागतातच. इथे उन्हातली कामे सकाळी लवकर उरकतील असे वेळापत्रक तेवढे आखावे.

शिबिर संपल्यावर ढीग कोण उलथणार आणि रोपांना पाणी कोण घालणार, याची पाळीपत्रिका मात्र उद्घाटनाआधीच, माणसांची नावे व वार घालून तयार करावी आणि अवजारांच्या खोलीची एक किल्ली त्यांच्याकडे सोपवावी.